विशेष शिक्षण-प्रशिक्षण, चंद्रपूर-गडचिरोली वनजिल्ह्यांतील

अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, बौद्धिक अक्षमता असलेली, स्वमग्न, अध्ययन-अक्षम किंवा अन्य कारणाने शिक्षणात विशेष साहाय्याची गरज असलेली मुले ज्या शाळांत शिकतात, त्या शाळांतील शिक्षक, वसतिगृह-अधीक्षक, मदतनीस इत्यादींना त्यांच्या कामासाठी दिले जाणारे व्यावसायिक शिक्षण. याचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत : विशिष्ट अपंगत्वाच्या क्षेत्रात पदविका वा पदवी मिळविलेल्या विशेष शिक्षकाचे दीर्घ प्रशिक्षण आणि सर्वसाधारण शाळेतील शिक्षकाला सेवेत असताना दिले जाणारे अल्पमुदतीचे प्रशिक्षण. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत विशेष शाळा विरळ असल्यामुळे दुसऱ्या प्रकाराला तेथे विशेष महत्त्व आले.

प्रदेश व परिस्थिती : पूर्वीच्या चांदा (१९६४ नंतर चंद्रपूर) जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. चंद्रपूरचे क्षेत्रफळ ११,४४३ चौ. किमी. व गडचिरोलीचे १४,४१२ चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अनुक्रमे २२,०४,३०७ व १०,७२,९४२ होती. गडचिरोलीचा फार मोठा भूभाग वनव्याप्त असून लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण एक-तृतीयांशाहून अधिक आहे. वस्ती विखुरलेली, पाडे लहान व शाळा बहुधा एक वा दोन शिक्षकांच्या असतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. भामरागडहून जिल्ह्याच्या ठिकाणी यावयाचे तर सु. १८० किमी. प्रवास करावा लागतो. अपंगत्वाची तपासणी, प्रमाणपत्र, श्रवणयंत्र किंवा कॅलिपर यांसाठी मुलाला जिल्हा रुग्णालयात नेणे म्हणजे पालकांच्या दृष्टीने दोन-तीन दिवसांची मजुरी बुडविणे होय. अशा परिस्थितीत मुलाच्या अडचणीचे पहिले व पुष्कळदा एकमेव निदान गावातील शिक्षकालाच करावे लागते. या भागातील प्रशिक्षणाच्या इतिहासात ही गोष्ट मध्यवर्ती आहे.

प्रारंभ : भारतात अपंग मुलांच्या शिक्षणाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनरी व परोपकारी संस्थांनी आरंभ केला. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८० नंतरच्या दशकात निघाली. ॲनी शार्प यांनी अमृतसर येथे १८८७ मध्ये अंधांची पहिली शाळा काढली व कलकत्त्यास १८९३ मध्ये मूकबधिर विद्यालय स्थापन झाले. मुंबईची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ मधील, तर मतिमंद म्हणून त्या काळी ओळखल्या जाणाऱ्या मुलांसाठी काढलेली जय वकील शाळा १९४४ मधील आहे. या शाळांत शिक्षक घडविण्याची रीत मुख्यतः उमेदवारीची होती. नवा शिक्षक अनुभवी शिक्षकाच्या वर्गात बसून स्पर्शलिपी, ओष्ठवाचन किंवा हस्तकौशल्ये शिकविण्याची पद्धत आत्मसात करी. निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या ब्रेल संहिता प्रचारात असल्याने एका प्रांतात शिकलेल्या शिक्षकाचा दुसऱ्या प्रांतात उपयोग होत नसे. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल संहिता स्वीकारली गेल्यावर ही अडचण दूर झाली व शिक्षकांसाठी समान अभ्यासक्रम आखणे शक्य झाले. १९६० नंतरच्या दशकात केंद्र शासनाच्या साहाय्याने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे अंधांच्या शिक्षकांची प्रादेशिक प्रशिक्षण केंद्रे सुरू झाली.

चांदा जिल्हा या काळात या घडामोडींपासून दूर होता. १९५६ पर्यंत तो मध्य प्रांतात व नंतरच्या जुन्या मध्य प्रदेशात होता. त्यामुळे विशेष शिक्षणासाठी मुलाला नागपूरच्या अंध वा मूकबधिर विद्यालयात पाठविणे हाच काय तो मार्ग असे. जंगलातील कुटुंबांच्या दृष्टीने तोही बहुतांशी बंद होता.

वरोड्याचे आनंदवन : जिल्ह्यातील विशेष शिक्षणाचा प्रारंभ कुष्ठसेवेतून झाला. मुरलीधर देवीदास उर्फ बाबा आमटे (१९१४–२००८) यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगविज्ञान संस्थेत कुष्ठरोगाचे शिक्षण घेऊन त्यांनी वरोड्याजवळ आनंदवनाची उभारणी केली. रोगमुक्त झालेल्या परंतु हातापायांत व्यंग राहिलेल्या माणसांना दानापेक्षा कामाची संधी हवी, हे आनंदवनाचे सूत्र होते. त्याचाच विस्तार म्हणून तेथे १९६० नंतरच्या दशकात अंध मुलांची निवासी शाळा व पुढे मूकबधिर मुलांची शाळा निघाली. अपंगांना व्यवसाय शिकविण्यासाठी कर्मशाळाही सुरू झाली.

निवासी विशेष शाळेमुळे दूरच्या गावातील मुलाला प्रशिक्षित शिक्षक, साधने व समवयस्क मुलांची सोबत या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. तथापि तिच्यामुळे प्रशिक्षणाचा एक नवा प्रश्नही पुढे येतो. मुलाचे दिवसाचे पाच-सहा तास वर्गात जातात आणि उरलेला वेळ वसतिगृहात, भोजनगृहात व अंगणात जातो. अंध मुलाला विहिरीची व जिन्याची वाट दाखविणे, कर्णबधिर मुलाशी खुणांनी बोलणे, फेफरे आलेल्या मुलाला कुशीवर वळविणे व त्याच्या तोंडात काही न घालणे, ही कामे स्वयंपाकी, कामाठी व रात्रीचा रखवालदार यांना करावी लागतात. केवळ शिक्षकाचे प्रशिक्षण पुरेसे नाही, हा धडा निवासी संस्थांनी घालून दिला. शासकीय योजनांनी तो पुष्कळ उशिरा स्वीकारला.

एकात्मिक शिक्षण व प्रशिक्षणाचे स्तर : कोठारी आयोगाने (१९६४–६६) अपंग मुलांचे शिक्षण हा परोपकाराचा नव्हे, तर शिक्षणव्यवस्थेच्या कर्तव्याचा भाग मानला. शक्य तेथे ही मुले सर्वसाधारण शाळेतच शिकावीत, अशी शिफारस त्याने केली. १९८६ पर्यंत अंध, कर्णबधिर व अस्थिव्यंग मुलांपैकी १५ टक्के आणि मतिमंद मुलांपैकी ५ टक्के मुलांना शिक्षण मिळावे, असे त्याचे माफक उद्दिष्ट होते. १९७४ मध्ये केंद्र शासनाने अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची योजना सुरू केली. तीत सर्वसाधारण शाळेत साहाय्यक विशेष शिक्षक नेमण्याची तरतूद होती. पुढे आठ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरविण्यात आले. मोठ्या शहरात एका शाळेत आठ मुले जमणे अवघड नसते. धानोरा किंवा एटापल्ली तालुक्यात मात्र आठ मुले आठ गावांत, आणि तीही वेगवेगळ्या प्रकारच्या अपंगत्वाची, असावयाची. परिणामी योजना जेथे सर्वाधिक आवश्यक होती, तेथेच तिचे निकष लागू पडत नसत.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांची कल्पना मांडली. अशा संस्था पुढे दोन्ही जिल्ह्यांत स्थापन झाल्या व सेवांतर्गत प्रशिक्षण प्रथमच जिल्ह्याच्या आवाक्यात आले. १९८७ मध्ये यूनिसेफच्या साहाय्याने दहा ठिकाणी अपंगांच्या एकात्मिक शिक्षणाचा एक प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. सहभागी राज्यांत महाराष्ट्रही होता. प्रकल्पाचे एकक शाळा हे नसून संपूर्ण विकासगट हे होते व प्रशिक्षणाची रचना त्रिस्तरीय होती. गटातील सर्व शिक्षकांना सु. एक आठवड्याचे, त्यांतील निवडक शिक्षकांना सहा आठवड्यांचे आणि मोजक्या शिक्षकांना एक वर्षाचे बहुविध अपंगत्वविषयक प्रशिक्षण देण्यात येई. प्रत्येक शिक्षकाला थोडे व काहींना पुष्कळ, ही त्यामागील दृष्टी विरळ वस्तीच्या प्रदेशाला अनुरूप अशी होती. नंतरच्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाने (१९९४) व सर्व शिक्षा अभियानाने (२००१) तीच चौकट थोड्याफार फरकाने उचलली.

कायदे व मान्यता : विशेष शिक्षकांच्या अभ्यासक्रमांना एकसूत्रीपणा यावा म्हणून भारतीय पुनर्वास परिषद १९८६ मध्ये स्थापन झाली. १९९२ च्या अधिनियमाने तिला वैधानिक दर्जा मिळाला. परिषदेच्या मान्यतेखेरीज दिलेली पदविका ग्राह्य धरली जात नाही व तिच्या नोंदवहीत नाव असल्याखेरीज विशेष शिक्षक म्हणून व्यवसाय करता येत नाही. मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय श्रवण-अपंग संस्था (१९८३) व सिकंदराबादची राष्ट्रीय मतिमंद संस्था (१९८४) यांनी त्या त्या क्षेत्रातील अभ्यासक्रम व चाचण्या विकसित केल्या.

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात सात प्रकारची अपंगत्वे होती. त्यांत कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही संख्या २१ केली. ‘अपंग’ या शब्दाऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द शासनव्यवहारात याच सुमारास रूढ झाला. या अधिनियमाच्या सतराव्या कलमात तीन गोष्टी शासनावर बंधनकारक केल्या आहेत : दर पाच वर्षांनी शाळेत जाणाऱ्या मुलांचे सर्वेक्षण करणे, सांकेतिक भाषा, ब्रेल व बौद्धिक अक्षमता यांत तयार झालेले शिक्षक नेमणे, आणि शालेय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर समावेशनास साहाय्यभूत होणाऱ्या व्यावसायिकांना व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षित करणे. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हे कायद्याने कर्तव्य ठरले, हा या तरतुदीचा विशेष होय.

भाषेचा प्रश्न : चंद्रपूर-गडचिरोलीतील प्रशिक्षणाचा सर्वांत नाजूक भाग निदानाचा आहे. या प्रदेशात मराठीबरोबर गोंडी व माडिया, सिरोंचाकडे तेलुगू, कोरची-कुरखेडा भागात छत्तीसगढी व मुलचेरा-चामोर्शीच्या निर्वासित वसाहतींत बंगाली बोलली जाते. शाळेची व चाचणीची भाषा मात्र सामान्यतः मराठी असते. परिणामी दोन प्रकारच्या चुका संभवतात. पहिलीत, घरी केवळ माडिया बोलणारे सहा वर्षांचे मूल वर्गात गप्प राहते, सूचना पाळत नाही व चाचणीत कमी गुण मिळविते. मग त्याच्यावर बौद्धिक अक्षमतेचा शिक्का बसतो. दुसरीत नेमके उलट घडते. वारंवार कान वाहून श्रवणशक्ती मंदावलेल्या मुलाला ‘याला अजून मराठी येत नाही’ असे समजून शिक्षक वाट पाहत राहतो व वाणीविकासाची मोलाची वर्षे निघून जातात. पहिल्या चुकीत निरोगी मूल अपंग ठरते व दुसरीत अपंग मूल उपचारावाचून राहते. दोहोंची किंमत मुलालाच मोजावी लागते.

यावरील उपाय अवघड नसले, तरी ते मुद्दाम शिकवावे लागतात. मुलाला पाठीमागून त्याच्या घरच्या भाषेत हाक मारून पाहणे, खेळताना व गुरे राखताना ते कसे वागते याची माहिती आईकडून घेणे, मोजणी चिंचोके वा मोहफुले मांडून करून घेणे, आणि चाचणीचा निष्कर्ष काढण्यापूर्वी ती चाचणी मुलाला समजेल अशा भाषेत दुसऱ्यांदा घेणे, या गोष्टी आठवडाभराच्या वर्गातही सांगता येतात. राष्ट्रीय संस्थांनी तयार केलेल्या बुद्धिमापन चाचण्या वापरतानाही मुलाच्या दैनंदिन व्यवहारातील क्षमतेची स्वतंत्र नोंद करणे आवश्यक मानले जाते.

भाषेचे महत्त्व या प्रदेशातील शिक्षणकार्याने विशेष शिक्षणाच्या बाहेरही दाखवून दिले आहे. भामरागडजवळ हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ मध्ये आश्रमशाळा काढली. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांच्या या प्रकल्पात माडिया मुलांना त्यांच्या भाषेतून मराठीकडे नेण्याचा मार्ग अवलंबिला गेला. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे २०१९ मध्ये ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. स्थानिक भाषा जाणणारा शिक्षक हा चांगले निदान करणारा शिक्षकही असतो. म्हणून स्थानिक तरुणांना विशेष शिक्षणाची पदविका मिळवून देणे, हा बाहेरून तज्ज्ञ आणण्यापेक्षा अधिक टिकाऊ उपाय ठरतो. मात्र अशा अभ्यासक्रमांच्या संस्था बहुतांशी मोठ्या शहरांत असल्याने तेथे राहण्याचा खर्च ही मोठी अडचण असते.

सिकलसेल व आश्रमशाळा : २०१६ च्या अधिनियमात सिकलसेल पांडुरोगाचा समावेश झाल्याने पूर्व विदर्भातील शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक नवा विषय आला. हा आनुवंशिक रोग या प्रदेशातील आदिवासी व काही अन्य समाजांत लक्षणीय प्रमाणात आढळतो. त्यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून तीव्र वेदना उत्पन्न करतात. रुग्ण मूल दिसण्यात सर्वसाधारण असते. ते वारंवार गैरहजर राहते, लवकर थकते व मैदानावर मागे पडते. म्हणून ते आळशी वा कामचुकार ठरण्याचा धोका असतो. त्याला पाणी पुरेसे मिळणे, थंडी व अतिश्रम टाळणे, ताप वा वेदना येताच आरोग्य केंद्रात पोहोचविणे आणि बुडालेला अभ्यास भरून काढण्याची सोय करणे, एवढ्या गोष्टींनी त्याचे शिक्षण टिकू शकते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणीवर भर असला, तरी तपासणीत आढळलेल्या मुलाचे वर्गात काय करावयाचे, हे शिक्षकालाच ठाऊक असावे लागते.

आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत ही जबाबदारी अधिक वाढते, कारण मूल वर्षातील बहुतेक दिवस घरापासून दूर असते. पहिल्या फेफऱ्याच्या वेळी किंवा रात्री उठलेल्या वेदनेच्या वेळी त्याच्याजवळ अधीक्षक, अधीक्षिका किंवा कामाठी असतात. औषधाची वेळ पाळणे, धोक्याची लक्षणे ओळखणे व पालकांना वेळीच कळविणे ही त्यांची कामे होत. शाळा एका विभागाची, विशेष शिक्षक दुसऱ्या विभागाचा व तपासणी पथक तिसऱ्या विभागाचे, अशा रचनेमुळे एकत्र प्रशिक्षणाची गरज या शाळांत प्रकर्षाने जाणवते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके शाळा व अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करतात. त्यांच्या भेटीच्या वेळी शिक्षकाने केलेल्या नोंदी उपलब्ध असल्यास तपासणी अधिक फलदायी होते.

सद्यस्थिती : समग्र शिक्षा योजनेखाली (२०१८) विशेष शिक्षक गटसाधन केंद्राला जोडलेले असून ते शाळाशाळांना भेटी देतात. शाळेत येऊ न शकणाऱ्या तीव्र अपंगत्वाच्या मुलांना गृहाधारित शिक्षण देण्याची तरतूद आहे. निधी मुलामागे ठरतो. सर्व शिक्षा अभियानात तो आरंभी दर मुलामागे वर्षाला १,२०० रुपये होता व समग्र शिक्षा योजनेत ३,५०० रुपये झाला. मुलांच्या संख्येवर आधारलेल्या या हिशेबात अंतराला स्थान नाही. त्यामुळे चार मुलांसाठी चार दिशांना फिरणाऱ्या शिक्षकाचा प्रवासखर्च व वेळ ही अडचण कायम राहते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये शिक्षकांना प्राथमिक चाळणीसाठी ‘प्रशस्त’ ही पडताळासूची उपलब्ध करून दिली. अंगणवाडी सेविकांसाठी दिव्यांग बालकांविषयीची कार्यपद्धती नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाली. सेवांतर्गत प्रशिक्षणाचा मोठा भाग दूरस्थ माध्यमातून होऊ लागला आहे. त्यामुळे प्रवास वाचतो, परंतु ब्रेल पाटीवर हात बसविणे, सांकेतिक भाषेत संभाषण करणे किंवा मेंदूचा पक्षाघात झालेल्या मुलाला नीट बसविणे या गोष्टी प्रत्यक्ष सरावावाचून येत नाहीत. दुर्गम भागातील दूरसंचार सेवेच्याही मर्यादा आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी दिलेल्या निर्णयात प्राथमिक स्तरावर दहा व त्यापुढील स्तरांवर पंधरा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरविले. पदे भरली जाईपर्यंत शाळांच्या समूहासाठी फिरते शिक्षक नेमण्याची मुभाही दिली. सर्वसाधारण शाळांतील इतर शिक्षकांना व कर्मचाऱ्यांना अशा मुलांविषयीचे प्रशिक्षण सक्तीने द्यावे, असेही या निर्णयात म्हटले आहे. पदे मंजूर करण्याच्या बाबतीत राज्यांकडून विलंब झाल्याने ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यासाठी पुन्हा निर्देश दिले. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग डिसेंबर २०२२ पासून कार्यरत आहे.

पटसंख्येवर आधारलेले प्रमाण विरळ वस्तीच्या तालुक्यांना कसे लावावयाचे, हा १९७४ च्या योजनेपासूनचा प्रश्न या निर्णयानंतरही शिल्लक आहे. ज्या पाड्यात असे एकच मूल आहे, तेथे त्या मुलाचा विशेष शिक्षक म्हणजे व्यवहारात दोन शिक्षकी शाळेतील नेहमीचाच शिक्षक होय. त्याची तयारी किती झाली आहे, त्याच्या बदलीनंतर येणाऱ्याला मुलाच्या नोंदी मिळतात की नाही, आणि अडल्यास तो गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकाला केव्हा विचारू शकतो, यांवर या वनजिल्ह्यांतील समावेशित शिक्षणाचे यश मुख्यतः अवलंबून आहे.